रिडीम कोड आणि रिडीम लिंक यांत गल्लत नको
मे महिन्याच्या सुटीत पारोळ्याहून भाचा आला होता, आठवीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी रडवेला होऊन समोर उभा राहिला. "मामा, मनी आयडी गयी." दोन वर्षं खेळून जमवलेली फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेमची आयडी, म्हणजे गेममधलं त्याचं खातं.

आपण फक्त रिडीम कोड टाकला, असंच त्याला वाटत होतं. खरं तर त्याने पासवर्ड टाकला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये वर कोड होता, खाली लिंक होती आणि त्याने दोन्ही एकच धरली. ही गल्लत मोठी माणसंही करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिडीम कोड म्हणजे गेममधलं बक्षीस मिळवायची, इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे मिळून १२ किंवा १६ खुणांची चिठ्ठी. ती एकटी काहीच करू शकत नाही. कोड खोटा असो, मुदत संपलेला असो की दुसऱ्या देशासाठीचा असो, फार तर तो चालत नाही. आपलं काही जात नाही. तो घेऊन हा गेम चालवणाऱ्या गरेना कंपनीच्या रिवॉर्ड पानावर आपण स्वतः जायचं. बरोबर असला तर बक्षीस गेममधल्या मेलबॉक्समध्ये येतं. गूगल-फेसबुकसारख्या कशालाही न जोडलेल्या गेस्ट अकाउंटवर मात्र कोड चालत नाही.

लिंकचं उलट. कोड आपण नेतो, लिंक आपल्याला नेते. आणि कुठे न्यायचं हे ती पाठवणारा ठरवतो.

पोरं फसतात ती यापुढच्या पायरीवर. "लॉगिन मागितलं म्हणजे खोटं" असं सरसकट सांगून भागत नाही, कारण कंपनीचं खरं पानही गूगल किंवा फेसबुकने लॉगिन करायला लावतं. फरक बारीक आहे. खऱ्या पानावर गूगलचं बटण दाबलं की आपण गूगलच्याच पत्त्यावर जातो, आणि फोनमध्ये अकाउंट आधीच चालू असेल तर बहुतेक वेळा नुसतं नाव निवडायचं असतं. खोटं पान पासवर्डचा चौकोन स्वतःच काढून समोर ठेवतं. रंग तोच, चिन्ह तेच, पत्ता मात्र तिसऱ्याचाच. म्हणून पासवर्ड लिहिण्याआधी वरचा पत्ता वाचायचा.

तो कसा वाचायचा? आपल्या खान्देशात नुसतं 'पाटील' सांगून कोणी ओळखत नाही. लगेच विचारतात, कोणत्या गावचे? वेबसाइटच्या पत्त्याचंही तसंच आहे. एचटीटीपीएस आणि त्याला चिकटलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिथपर्यंतच बघायचं. रेघेच्या लगेच डावीकडे गाव, त्याच्या आधी आडनाव. 'रिवॉर्ड डॉट एफएफ डॉट गरेना डॉट कॉम' यात आडनाव गरेना, गाव डॉट कॉम. खरं. 'गरेना डॉट कॉम डॉट अमुक-गिफ्ट डॉट एक्सवायझेड' यात गरेना हे नुसतं पुढे चिकटवलेलं नाव आहे; आडनाव 'अमुक-गिफ्ट', गाव एक्सवायझेड. 'गरेना-रिवॉर्ड' असं मधे आडवी रेघ घालून लिहिलं की तेही परकंच घर. आणि काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतं.

मित्राच्या नंबरवरून आलेली लिंकही तपासा. त्याचंच अकाउंट आधी गेलेलं असू शकतं. रोज अहिराणीत बोलणारा मित्र एकदम शुद्ध हिंदीत "भाई, टूर्नामेंट के लिए वोट कर दे" लिहू लागला तर थांबा आणि त्याला फोन लावा. मेसेजवर खात्री करू नका. उत्तर चोरच देईल. ओटीपी मागितला तर विषय तिथेच संपला. आणि बक्षिसाचे पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

भाच्याने दिलेला पासवर्ड त्याच्या आईच्या गूगल अकाउंटचा होता. त्यात सातबाऱ्याचे फोटो, बँकेचे मेल, सगळं. गेममधल्या डायमंडपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली. ताईच्या फोनवर अकाउंट अजून उघडं होतं, म्हणून वाचलो. पासवर्ड बदलला, सुरक्षेच्या यादीत एक अनोळखी फोन दिसला तो काढून टाकला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. गेम त्याच अकाउंटला जोडलेला होता, त्यामुळे आयडीही परत आली. खात्यातून पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लावला असता. तिथे जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

लिंक त्याने रात्री उघडली होती आणि सांगितलं सकाळी. ओरडा बसेल म्हणून रात्रभर गप्प राहिला. एवढा वेळ चोराला मिळाला, हे मला फार लागलं. घरात ओरडायचं असेल तर नंतर ओरडा, आधी पासवर्ड बदला.

आता लिंक आली की तो पारोळ्याहून फोन करतो, पत्ता वाचून दाखवतो आणि विचारतो, "मामा, हाऊ पाटील कोणता गावना शे?"