अलमट्टीचा फुगवटा सांगलीपर्यंत पोचतो का?

महापूर आला की सांगली-कोल्हापुरात वाद पेटतो: कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणानं बुडवलं. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाची धोका पातळी सुमारे ५४० मीटर, मग पाणी वीस मीटर चढेल कसं? ही वजाबाकी अपुरी आहे. साठलेलं पाणी सपाट असतं, वाहतं पाणी नसतं.

पाणी पुढे सरकायला त्याच्या पृष्ठभागाला उतार लागतो. नदी जलाशयाला भिडते तिथे खोली वाढते, वेग पडतो आणि तेवढंच पाणी पुढे न्यायला अगदी थोडा उतार पुरतो. त्यामुळे पातळी एकदम न तुटता लांबलचक वक्रानं वर चढत नदीच्या मूळ पातळीला मिळते. हाच फुगवटा. धरणाच्या पातळीची आडवी रेषा जिथे नदीपात्राला टेकते, त्याच्याही मागे तो पसरतो. पण धरणाची पातळी तीच ठेवली, तर पूर जितका मोठा तितका फुगवटा आखूड! कारण महापुरात नदी मुळातच इतकी खोल वाहते की धरणानं घातलेली भर तिच्यात लवकर विरते. गाळाचं मात्र उलट आहे. जलाशयाच्या शेपटाला गाळ साचून तळ उचलला गेला की वक्र मागे सरकतो, म्हणून पात्राची जुनी मापं कामाची नाहीत.

२०१९च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही. धरण नसतानाही फुगवटा येतोच: कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि तिचं पाणी मागे शिरोळ तालुक्यातल्या शेतांत पसरतं.

कृष्णेच्या पाण्याचा राज्यांमधला वाद सोडवणाऱ्या कृष्णा लवादानं २०१० मध्ये अलमट्टीला ५२४.२५६ मीटरपर्यंत मुभा दिली, महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. पातळी वाढली तर फुगवट्याचं गणितही बदलेल. ते दोन्ही राज्यांनी एकत्र, पात्राची नवी मापं घेऊन करावं. हवामान तापतंय तसा थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस वाढतोय, आणि १०५ टीएमसीची (अब्ज घनफूट) कोयना नि १२३ टीएमसीची अलमट्टी ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरून ठेवणं धोक्याचं आहे. कोणत्या तारखेला कुठल्या धरणात किती जागा रिकामी ठेवायची, याचं एकच वेळापत्रक मुंबई आणि बंगळुरूनं मिळून, पावसाळ्याआधी ठरवायला हवं.