समुपदेशनातला ‘उपदेश’: व्यसनमुक्तीच्या उपचारांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात व्यसनावरचे उपचार उभे राहिले ते गर्दमुळे, म्हणजे ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनमुळे. दारू कितीतरी जुनी, पण दारूसाठी आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आणि परवाने होते, देवापुढची शपथ होती, वारकऱ्याची माळ होती. माळ घातली की दारू सुटते हा कित्येक गावांतला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. माळकऱ्यापुढे कोणी ग्लास करत नाही, आणि संध्याकाळची वेळ भजनात जाते. आग्रह आणि रिकामी संध्याकाळ, पिणाऱ्याला अडकवणाऱ्या या दोन्ही जागा माळ भरून काढते. मद्यपींचे स्वमदत गट अमेरिकेत १९३५ साली सुरू झाले आणि १९५७च्या सुमारास भारतात आले, पण बराच काळ ते मोठ्या शहरांपुरतेच राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, तेव्हा मुलाला न्यायचं कुठे हेच घरच्यांना कळेना. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. त्याच सुमारास स्वयंसेवी संस्थांना केंद्रे चालवण्यासाठी सरकारी अनुदान मिळू लागलं, आणि १९८६ साली पुण्यात मनोरुग्णालयाच्या आवारात असं एक केंद्र सुरू झालं. गर्द सुटताना पेशंट अंगदुखी, जुलाब, निद्रानाशाने आठवडाभर तळमळतो, बाहेर पडला की तासाभरात पुडी मिळवतो. म्हणून कॉट, बंद फाटक, महिनाभराचा मुक्काम आणि सकाळ-संध्याकाळ गटात बसणं असा साचा ठरला. गर्दसाठी तो रास्त होता. पुढे या केंद्रांत गर्दपेक्षा दारूचे पेशंट जास्त येऊ लागले आणि त्यांनाही तोच साचा लागू झाला. आजच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

या साच्यात बोलण्याच्या उपचाराला नाव मिळालं ‘समुपदेशन’. इंग्रजीतल्या काउन्सेलिंगला मराठी प्रतिशब्द म्हणून हा शब्द रुळला, आणि त्याच्या पोटात ‘उपदेश’ तसाच राहिला. शब्दाने कामाचं नुकसान केलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरचे पेशंटला घेऊन येतात ते “साहेब, तुम्ही जरा समजावून सांगा, आमचं ऐकत नाही” म्हणत. नवखा समुपदेशकही मग लिव्हरचं चित्र दाखवतो, मुलांची शपथ घालतो, पगाराचा हिशेब मांडतो. पेशंट मान हलवतो आणि सगळं कबूल करतो. यातलं एकही वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलेलं नसतं. बायकोने, आईने, साहेबाने ते शंभरदा ऐकवलेलं असतं, आणि त्याची उत्तरंही त्याच्याकडे तयार असतात.

१९८३ साली मांडल्या गेलेल्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीने नेमकं इथेच बोट ठेवलं. समोरच्याने सोडण्याची बाजू घेतली की पेशंटला पिण्याची बाजू घ्यावी लागते, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे बोलतो ते त्याला जास्त पटतं. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. “दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांगा.” तो म्हणतो, “चार.” इथे “दहा का नाही?” विचारलं की तो न सोडण्याची कारणं सांगत बसतो. “शून्य का नाही म्हणालात?” विचारलं तर जरा थांबून म्हणतो, “पोरगी आता माझ्याशी बोलत नाही.” तिथून पुढचं बोलणं त्याचं असतं, समुपदेशकाने फक्त ते धरून ठेवायचं.

प्रमाणाचा प्रश्नही असाच. “किती घेता?” याचं उत्तर “सगळे घेतात तेवढी.” “क्वार्टर किती दिवस पुरते?” याचं उत्तर खरं येतं. १८० मिलीच्या, ४२.८ टक्के अल्कोहोलच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा ड्रिंक. हा आकडा पेशंटने स्वतः कागदावर मांडला तर मनात बसतो, त्याला ऐकवला तर नाही.

समुपदेशनाची वेळही चुकते. रोज पिणाऱ्याने दारू बंद केल्यावर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास आणि जिवाचा धोका असतो. या काळात लागतात ती डॉक्टरांची औषधं आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१), तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पहिल्या आठवड्यात केलेलं समुपदेशन पेशंटला पुढे आठवतही नाही, तरी रजिस्टरमध्ये ‘सत्र झाले’ अशी नोंद पडते.

भिंतींवरच्या ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिराती म्हणजे उपदेशाच्याही पुढची पायरी. डायसल्फिराम हे औषध चाळीसच्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये दारूसाठी वापरात आलं. ते घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ते द्यायचं नसतं, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहू शकतो. आमटीत लपवून दिलं तर यातलं काहीच सांभाळता येत नाही, माणूस दगावू शकतो. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने हो म्हटलं आहे, त्याच्यासाठी मात्र ती रोज सकाळची गोळी हा चांगला आधार असतो.

आधी घसरण आणि मग पुन्हा व्यसन, या दोन गोष्टी वेगळ्या मानणारी पद्धत १९८५ च्या सुमारास पुढे आली. गटारीला मित्रांनी आग्रह केला आणि एक पेग झाला, ही घसरण. “आता गेलंच सगळं” म्हणून पुढचे आठ दिवस पीत राहणं हे पुन्हा व्यसन. केंद्रातून सुट्टी होण्याआधी पेशंटसोबत धोक्याच्या जागांची यादी करावी लागते: पगाराचा दिवस, हळद, शिमगा, सासरी झालेलं भांडण, घरी परतताना लागणारा गुत्ता. प्रत्येक जागेपुढे काय करायचं ते लिहायचं, अगदी कोणत्या रस्त्याने जायचं आणि कोणाला फोन करायचा इथपर्यंत. तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, पोट भरलेलं असेल तर आणखी लवकर. गर्दच्या बाबतीत एक इशारा नुसत्या पेशंटला सांगून भागत नाही, घरच्यांनाही द्यावा लागतो: महिनाभर बंद असल्यावर जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. नुसत्या बोलण्यावर गर्द क्वचितच सुटते, तलफ आणि त्रास कमी करणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन या गोळीची जोड लागते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोवस्था आपल्या व्याख्येत घेतल्या. स्वतःहून दाखल झालेला पेशंट घरी जायला निघाला तर त्याला जाऊ द्यावं लागतं, तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि मुदत पहिल्यांदा ३० दिवसांची. घरच्यांच्या एका फोनवर माणसाला गाडीत घालून नेणं यात बसत नाही, तरी ते अजून चालतं.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. तेवढ्या सगळ्यांना पुरतील इतक्या कॉट कधीच होणार नाहीत. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला प्रयोग म्हणून मोलाचा. धोकादायक पातळीवर पिणाऱ्या, पण अजून पूर्ण अवलंबून न झालेल्या पुरुषांशी तिथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी अशा ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्क्यांचं. फरक वर्षभरानेही टिकून होता. चारही बैठका त्याच आरोग्य केंद्रात किंवा पेशंटच्या घरी होत, रजा टाकून कुठे दाखल व्हावं लागत नव्हतं.