हँगओव्हर वेगळा, विथड्रॉवल वेगळं, किती वेळा सांगायचं

परवा पुन्हा ग्रुपवर तेच. एकानं विचारलं, दाजीची दारू सोडवायलोत, दोन दिवस झाले खोलीत कोंडलंय, हात लई थरथरायलेत, काय द्यावं? खाली लगेच लिंबूपाणी द्या, ताक द्या, हँगओव्हर हाय उतरंल. अरे बाबांनो, दोन दिवस पोटात थेंब नाही त्याच्या, कशाचा हँगओव्हर?

हँगओव्हर सगळ्यांना माहितीय. वरातीत जास्त झाली, सकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, संध्याकाळी माणूस स्वतःच भाकरी मागतो. विषय संपला.

विथड्रॉवल बरोब्बर उलटं. तो प्यायल्यामुळं होतो, हे पिणं तुटल्यामुळं होतं, आन् होतं रोज भरपूर पिणाऱ्यालाच. दारू रोज मेंदूला दाबून धरते, मग मेंदूबी तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो, चढावर भरली गाडी रेटणाऱ्या बैलासारखा. अचानक जू तुटलं की बैल तोंडावर. ओळखायचं कसं? ज्याला सकाळी चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो आन् नव्वद पोटात गेली की तोच हात दगडासारखा स्थिर होतो, त्याला हँगओव्हर नाही.

वेळ ध्यानात ठेवा. शेवटच्या घोटानंतर साधारण ६-८ तासांत थरथर, घाम, धडधड. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, तवा नाकाला चप्पल-कांदा लावू नका, कुशीवर वळवा आन् गाडी बोलवा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, अंगावर मुंग्या दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो. आपल्याकडं इथंच घोळ होतो, बाहेरचं लागलं म्हणत लिंबू-नारळाचा उतारा टाकायला पळतात, आन् हीच वेळ जिवावरची असते.

म्हणून कोंडून दारू सोडवणं मला अजिबात पटत नाही. दवाखान्यात लोराझेपाम, डायझेपामसारख्या गोळ्या देऊन काही दिवसांत हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१. आन् ते 'सलाईन लावा, दारू धुऊन निघते' म्हणणारे! थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा माणसाच्या मेंदूला इजा होऊ शकते. जेवणात गुपचूप ती दारू सोडवायची म्हणून विकतात ती पावडर मिसळायची तर बातच सोडा.

संभाजीनगरात पोरं ज्याला 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांचंबी असंच, एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते. गांजा सोडला की चिडचिड होते, झोप उडते, पण ते वेगळं प्रकरण. कुठं जावं कळंना तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट.

आन् डॉक्टरपासून लपवू नका. आमचे एक मामा पाय मोडून ॲडमिट झाले, दारू घेतात का विचारलं तर मामी म्हणली, छे छे, माळकरी माणूस. तिसऱ्या रात्री मामांनी सलाईन उपटली, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायलेत, सगळे म्हणायलेत भूल डोक्यात गेली. शेवटी पहाटं मामीनं सिस्टरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, रोज एक खंबा लागायचा.