गावाला डॉक्टर की गावातलाच डॉक्टर? ग्रामीण आरोग्य मनुष्यबळाची पार्श्वभूमी

आशाताईंचा (गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकांचा) संप, बंधपत्रावरचे (शिक्षणानंतर सरकारी सेवेची अट असलेले) डॉक्टर हजर न झाल्याच्या बातम्या, होमिओपॅथांनी ॲलोपॅथीची औषधं लिहावीत की नाही हा वाद. वरवर हे तीन वेगळे विषय दिसतात. मुळात प्रश्न एकच आहे: खेड्यात उपचार करायला माणूस कुठून आणायचा? बाहेरून पाठवायचा की तिथलाच तयार करायचा? यातला पहिला पर्याय १९४६ साली अधिकृत धोरण झाला आणि आजही तोच धोरणाच्या केंद्रस्थानी आहे. दुसरा पर्याय अधूनमधून पुढे आला, महाराष्ट्रात त्याने काम करूनही दाखवलं, पण त्याला पूर्ण मान कधी मिळाला नाही.

ब्रिटिश काळात डॉक्टर दोन तऱ्हेचे होते. एक विद्यापीठाचे पदवीधर. दुसरे मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेले परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट. मुंबई इलाख्यात 'एलसीपीएस' या परवान्याची पाटी लावलेले डॉक्टर तालुक्याच्या गावी हमखास असत. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घ्यायला सर जोसेफ भोर यांची समिती १९४३ साली नेमली गेली. तिने मोजणी केली तेव्हा नोंदणी झालेल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. देशाची वैद्यकी बहुतांशी त्यांच्याच खांद्यावर होती.

तरीही १९४६ च्या अहवालात समितीने डॉक्टर एकाच तऱ्हेचा असावा, विद्यापीठाचा पदवीधर असावा, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी मतभेद नोंदवला. माणसांचा इतका तुटवडा असताना लायसेन्शिएट घडवणाऱ्या या मेडिकल स्कूल इतक्यात बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं. भोर समितीला दोष देणं सोपं आहे, पण त्यांचा हेतू वाईट नव्हता. 'गोऱ्यांच्या राज्यात खेड्याला कमी प्रतीचा डॉक्टर, स्वतंत्र देशात तसं नको' ही भावना त्यामागे होती, आणि स्वतः लायसेन्शिएटांच्या संघटनांचीही बरोबरीच्या दर्जाची मागणी होती. चूक झाली ती पुढच्या गृहीतकात. उत्तम शिकलेला डॉक्टर आपणहून खेड्यात जाईल, असं मानलं गेलं.

याच अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली. सुरुवातीच्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, असा तो हिशेब होता. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर केंद्रं उभी राहू लागली. इमारती झाल्या, पदं मंजूर झाली, भरली मात्र गेली नाहीत. पुढे सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र असा निकष ठरला. पण मंजूर पद आणि हजर माणूस यांतलं अंतर मेळघाट किंवा भामरागडमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सरकारबाहेर मात्र वेगळं काही घडत होतं. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे विद्यार्थ्यांना खेड्यात शिबिराला राहावं लागे आणि कुटुंबं दत्तक घ्यावी लागत. डॉक्टरच खेड्याचा घडवायचा, हा तो मार्ग.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. तो दुष्काळी तालुका होता. त्यांनी आधी रूढ मार्गच धरला आणि गावोगावी नर्स नेमल्या. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुली तिथे रमेनात आणि गावही त्यांचं ऐकेना. मग गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला जमत, मुक्काम करत, एकत्र जेवत. हातपंपावरही जात पाहिली जाण्याच्या त्या काळात हा आरोग्यशिक्षणाचा किरकोळ भाग नव्हता, निम्मं शिक्षण तेच होतं. हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी, गरोदर बाईची तपासणी, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणं हे सगळं त्या शिकल्या, आणि मुख्य म्हणजे गावाला पटवू शकल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या एका प्रकाशनात या कामाची दखल घेतली. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा समोर असलेल्या उदाहरणांत जामखेडही होतं.

त्याच दशकात अलिबागजवळच्या मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी आणि पुण्याजवळच्या वढूला डॉ. बानू कोयाजी यांनी असेच प्रयोग केले. मांडव्याचा शेवट बोलका आहे. बायकांनी काम चोख केलं, पण बाया शहाण्या झाल्या हे स्थानिक पुढाऱ्यांना रुचलं नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. असा अडथळा कुठल्याच प्रशिक्षण पुस्तिकेत नसतो.

दिल्लीतही वारं फिरलं होतं. कर्तारसिंग समितीने १९७३ साली मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन यांसाठीचे सुटे सुटे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी सुचवला. आज गावात ज्याला 'एमपीडब्ल्यू' म्हणतात तो हाच. श्रीवास्तव समितीने १९७५ साली गावातलेच अर्धवेळ आरोग्यकर्मी मागितले. जनता सरकारचे आरोग्यमंत्री राजनारायण यांनी २ ऑक्टोबर १९७७ ला योजना सुरू केली: हजार लोकसंख्येमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. जामखेडचा धडा मात्र अर्धाच उचलला गेला. निवड झालेले बहुतेक पुरुष होते आणि निवडीत राजकारण घुसलं. डॉक्टरांच्या संघटनांनी भोंदूंची फौज उभी राहणार म्हणून ओरड केली. पुढे योजनेची नावं बदलत गेली, 'कर्मी'चा 'स्वयंसेवक' झाला, मग 'आरोग्य मार्गदर्शक'. शेवटी केंद्राने पैसे देणं थांबवलं.

दरम्यान गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदीच्या दशकात ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायकांना त्यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन, श्वास, ऊब आणि जंतुदोष दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन. बालरोगतज्ज्ञांच्या भुवया उंचावणार हे उघड होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. गावातल्या बाईच्या हातात सुई द्यावी की नाही, हा वाद माझ्या मते तिथेच संपायला हवा होता. २०११ साली ही पद्धत देशभर आशांमार्फत सुरू झाली, बाळाच्या घरी ठरावीक भेटींसाठी २५० रुपये ठरले, पण इंजेक्शन काही आशांच्या हाती दिलं गेलं नाही.

आशा योजना त्याआधी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. गावातल्याच बायकांना आरोग्यकार्यकर्त्या करणाऱ्या छत्तीसगडच्या मितानिन कार्यक्रमाचा अनुभव तिच्यामागे होता. राजनारायणांच्या योजनेपासून एक गोष्ट शिकली गेली: कार्यकर्ती बाईच असावी आणि त्याच गावची असावी. मोबदल्याची रीत मात्र नवीन होती. दवाखान्यातलं बाळंतपण, लसीकरण, नसबंदी असं जे काम होईल त्याचे पैसे. 'स्वयंसेविका' म्हणून भरती झाल्याने किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी वगैरे प्रश्नच येत नव्हते. पुढे कामं वाढत गेली. सर्वेक्षणं आली, ॲपवरची माहिती आली, करोनाकाळात दारोदार ताप-ऑक्सिजन मोजणं आलं. भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच आशांसारख्या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, अभिनंदनाचे संदेश आले, हुद्दा तोच राहिला.

डॉक्टरांच्या बाजूने महाराष्ट्राने ठिगळं बरीच लावली. मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर नवसंजीवन योजना आणि मानसेवी डॉक्टरांची भरारी पथकं आली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र आहे. सेवा टाळली तर १० लाख रुपये दंड ठरला होता, तरी तो भरून मोकळे होणारे होतेच. २०१४ साली होमिओपॅथांना एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं लिहायची मर्यादित मुभा देणारी कायदादुरुस्ती झाली आणि डॉक्टरांच्या संघटना कोर्टात गेल्या. आदिवासी भागातल्या कित्येक केंद्रांचा भार मात्र आधीपासूनच बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर वाहत आहेत.

२०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. तिथे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. महाराष्ट्रात त्यांतही बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये मर्यादित औषधं देऊ शकणाऱ्या सामुदायिक आरोग्य सेवकाची तरतूद आली आणि त्याविरुद्ध देशभर डॉक्टरांनी संप केला. १९४६ साली ज्या परवानाधारकाला निरोप दिला, त्याची ही सात दशकांनंतरची पुनर्भेट.

आशांचा लढा वेगळ्या वाटेने चालला आहे. २०२३ च्या शेवटी संप झाला, २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर ठिय्या पडला आणि मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ मानधनात आहे. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा या मागण्या निवेदनात तशाच राहिल्या.