पार्श्वभूमी : नकाब, गोरिला आणि जोहार

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की सात रस्ता चौकातून दुचाकीने जाणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे चेहरे ओढणीत गुंडाळलेले असतात. वर गॉगल आणि सनकोट असल्यामुळे सख्खी बहीण शेजारून गेली तरी ओळखू येत नाही, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. विजापूर वेशीकडून काळ्या नकाबातली बाई येताना दिसली, तर मात्र तेवढ्याच झाकलेल्या चेहऱ्याचा अर्थ काही जण निराळा लावतात. ही नजर चव्हाट्यावर आणण्यासाठी मुद्दाम चेहरा झाकून केलेल्या उपरोधिक निषेधाला बराच मागचा इतिहास आहे.

त्यातला अलीकडचा प्रसंग पॅरिसचा. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी घालणारा कायदा फ्रान्सच्या सिनेटने १४ सप्टेंबर २०१० रोजी २४६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केला आणि तो ११ एप्रिल २०११ पासून लागू झाला. उल्लंघनासाठी कमाल १५० युरो दंड ठरला. कायद्याच्या कलमांत बुरख्याचे नाव नाही. उलट आरोग्य, व्यवसाय, खेळ, सणसमारंभ आणि कलाविष्कार यांसाठी चेहरा झाकण्याची मुभा आहे. एवढ्या सवलती वजा केल्यावर कायद्याच्या कचाट्यात नेमके कोण उरते, हे न सांगताही सर्वांना कळत होते. त्याच सुमारास दोन विद्यार्थिनी वर नकाब, खाली आखूड चड्डी आणि उंच टाचांचे बूट अशा वेशात सरकारी मंत्रालयांसमोरून फिरल्या आणि त्याचे चित्रीकरण त्यांनी प्रसिद्ध केले. बाईने अंग किती झाकावे आणि किती उघडे ठेवावे याची उठाठेव करणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यांनी एकाच पेहरावात पेचात पकडले होते. साधा बुरखा घालून फिरल्या असत्या, तर ही गंमत साधली नसती.

हाच डाव न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली निराळ्या कारणासाठी खेळला गेला. तेथील आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ मध्ये भरवलेल्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनातील दीडशेहून अधिक कलावंतांत स्त्रिया अवघ्या १३ होत्या. त्यावर चिडलेल्या काही स्त्री कलावंतांनी ‘गरिला गर्ल्स’ नावाचा गट काढला आणि गोरिलाचे मुखवटे चढवून, फ्रिडा काहलो, केथे कोलवित्झ अशा दिवंगत चित्रकर्तींची नावे धारण केली. मुखवट्याची कल्पना म्हणे एकीच्या शुद्धलेखनाच्या चुकीतून निघाली : गनिमी लढवय्या या अर्थाच्या ‘गरिला’ऐवजी तिने ‘गोरिला’ लिहिले. मुखवट्यामुळे बोलणारीचे वय, रूप आणि कारकीर्द यांवर शेरे मारण्याची सोय राहिली नाही; समोरच्याला आकडेवारीलाच उत्तर द्यावे लागले.

आपल्याकडे, याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेवर, ही युक्ती त्याहून जुनी आहे. १६व्या शतकात पैठणच्या एकनाथांनी, जन्माने ब्राह्मण असूनही, महाराच्या तोंडची ‘जोहार’ नावाची भारुडे रचली. भारूड सादर करणारा आजही लुगडे नेसून बाई होतो, कधी जोगी तर कधी वासुदेव होतो, आणि त्या सोंगाआडून मानकऱ्यांना चार शब्द सुनावतो. ‘जोहार’मध्ये वाकून जोहार घालणारा महारच गावच्या कारभाराचा हिशेब मांडतो आणि उच्चवर्णीय श्रोत्याला तो ऐकून घ्यावा लागतो. अर्थात, एकनाथांना हे सोंग हवे तेव्हा उतरवता येत होते. ज्याचे सोंग घेतले त्याला ती सोय नव्हती, ही बाब भारुडाचे कौतुक करताना सहसा राहून जाते.

सोंगाने हसू आले, तरी दारे लगेच उघडली नाहीत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १ जुलै २०१४ रोजी फ्रान्सचा कायदा वैध ठरवला. पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीपाशी बाहेरच राहिली, आणि ज्यांच्या तोंडी एकनाथांनी ‘जोहार’ घातला त्यांना विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता यावे, यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये तिथे उपोषणाला बसावे लागले.