जुन्या घराचं वीजबिल आणि सिबिल

घर बदललं, जुन्या जागेचं वीजबिल राहिलं, आता सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची आपली पत दाखवणारा आकडा, कोसळणार, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. वीजबिलाची थकबाकी सहसा सिबिलच्या अहवालात येतच नाही. तिथे मुख्यतः कर्जं आणि क्रेडिट कार्डं असतात. पोस्टपेड मोबाइल नि ब्रॉडबँडची थकबाकी मात्र नोंदली जाऊ शकते, आणि घर सोडताना नेमकं तेच कनेक्शन बंद करायचं राहून जातं.

म्हणून वीजबिल बुडवलं तरी चालतं असं नाही. वीज कायदा २००३, कलम ५६: १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. शिवाय महाराष्ट्रात ही थकबाकी जागेवरचा बोजा ठरते. भाडेकरू निघून जातो, भुर्दंड घरमालकाला! डिपॉझिट परत देण्याआधी तो शेवटच्या बिलाची पावती मागतो, ते उगाच नाही.