बावीसचा पाना आणि केसभर फट

"ताई, आता जोर लावला तर आटे घेऊनच बाहेर येईल," गाडीखालून मेकॅनिकदादांचा आवाज आला.

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतलं गॅरेज. दादांच्या हातात बावीसचा रिंग पाना, त्याला वाढीव म्हणून दोन फुटी पाईप, आणि समोर सायलेन्सरच्या पाईपात रुतून बसलेला ऑक्सिजन सेन्सर. गाडी बाबांची, २०११ सालची. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा महिनाभर पेटलेला होता आणि अ‍ॅव्हरेजही घसरलं होतं. स्कॅनरने कोड दाखवला पी ०१३५, म्हणजे सेन्सरच्या आतला हीटर गेला. सुटा भाग बदलायचं काम दहा मिनिटांचं. पण जुना निघेल तेव्हा ना!

दादांनी पाना खाली ठेवला. "आज तेल मारून ठेवतो, उद्या बघू." मला हा निर्णय फार आवडला. त्यामागे बरंच विज्ञान आहे.

आधी हा सेन्सर करतो काय ते पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल उरतं, जास्त झाली तर ऑक्सिजन उरतो. पुढे बसलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या कॅटकॉनला, दोन उलट कामं एकाच वेळी करायची असतात: कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन द्यायचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून काढून घ्यायचा. मिश्रण त्या १४.७ च्या अगदी आसपास राहिलं तरच दोन्ही साधतं. म्हणून कुणीतरी धुराच्या तोंडाशी बसून सतत सांगावं लागतं, पेट्रोल जास्त झालं, कमी झालं. ते काम हा सेन्सर करतो. १९७६ साली व्होल्वो गाड्यांत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा बाजारात आला.

त्याच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची टोपी असते. ही एक प्रकारची चिनी मातीच म्हणा, पण तिच्यात थोडा यिट्रियम ऑक्साइड मिसळला की तापल्यावर तिच्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सरकू लागतात. टोपीच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, २१ टक्के ऑक्सिजनची. बाहेरून धूर. दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. ऑक्सिजन जिथे भरपूर तिथून जिथे नाही तिकडे जायला बघतो आणि त्या ओढीतून वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास, पेट्रोल जास्त असेल तर ०.८-०.९. मध्ये फारसं काही नाही, सरळ उडीच असते. कारण १४.७ च्या त्या बिंदूपाशी प्लॅटिनमजवळचा ऑक्सिजन लाखो पटींनी घटतो, आणि व्होल्टेज त्या पटींचा हिशेब ठेवतं.

हा हिशेब सांगणारं सूत्र वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं, १८८९ सालचं. पुढे याच नर्न्स्टने झिर्कोनिया-यिट्रियाच्या कांडीचा विजेचा दिवा बनवला. त्या दिव्याची अडचण अशी, की कांडी थंड असताना वीज वाहून नेत नाही, आधी तापवून द्यावी लागते. आपल्या सेन्सरचंही तेच. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय तो बोलतच नाही. म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. बाबांच्या गाडीत गेला होता तो हाच. मला ही साखळी फार सुंदर वाटते: त्या दिव्याची खोड अजून रबाळ्याच्या गॅरेजात निस्तरायची आहे.

आता तो जाम का झाला? सेन्सरला जगायला उष्णता हवी, म्हणून त्याची जागा इंजिनालगत. पण तिथेच पाणीही असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं! एरवी ते वाफ होऊन निघून जातं. सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या टोकातून थेंब पडतात, ते हेच. आमची गाडी ऐरोलीत राहते आणि दिवसाकाठी स्टेशन, भाजी, परत घर एवढंच धावते. पाईप धड तापतो न तापतो तोच थंड होतो आणि वाफ आतच थिजते. वर पावसाळ्यातले तुंबलेले रस्ते आणि हाकेच्या अंतरावर ठाण्याची खाडी. खाडीच्या हवेतल्या मिठातला क्लोराइड तर स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही, त्याच्यावरचा संरक्षक थर जागोजागी फोडतो.

लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही जास्त जागा मागतो. आट्यांमधली मोकळी जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, कधी त्याहून कमी. ती भरली की पाचर मारल्यासारखं होतं. त्यात रोजचं तापणं-निवणं. घासलेल्या जागी धातू धातूला चिकटतो.

नवा सेन्सर बसवताना साधारण ४५ न्यूटन-मीटरचा पीळ देतात. फूटभर पान्याच्या टोकाला १५ किलो वजन टांगावं एवढाच. दोन फुटी पाईपवर साठ किलोचा माणूस लोंबकळला तर पीळ आठपट होतो. मग निघतं काय, तर सेन्सर नव्हे, पाईपावर वेल्ड केलेल्या नटाचे आटेच. म्हणून दादांनी हात आवरला.

रात्रभर तेलाने आपलं काम केलं. गंज सोडवायचं तेल पातळ असतं आणि त्याचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे ते बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. वातीत रॉकेल चढतं तसंच. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी आधी सेन्सरची वायर कापली. जुना टाकायचाच होता, त्यामुळे पाना नीट वरून घालता आला. आजूबाजूचे रबरी भाग ओल्या गोणपाटाने झाकले, वरचं तेल पुसून काढलं, आगीचा सिलिंडर शेजारी ठेवला आणि गॅसची ज्योत धरली ती सेन्सरवर नव्हे, फक्त बाहेरच्या नटावर. इथेच खरी खुबी आहे. १८ मिलिमीटर व्यासाचं लोखंडी भोक ३०० अंशांनी तापलं की सुमारे ०.०६५ मिलिमीटरने रुंदावतं. केसाच्या जाडीएवढं! आतला सेन्सर तेवढ्यात तेवढा तापत नाही. ठिसूळ गंज हा ताण सोसू शकत नाही आणि तडकतो.

मग पाना. आधी किंचित घट्ट, मग किंचित सैल. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि दादा थांबले. निवल्यावर पुन्हा तेल. पाव फेरा मागे, अर्धा परत पुढे, कुरकुर करत गंजाचा भुगा आट्यांतून बाहेर यायला लागला. हे मागे-पुढे करणं वेळखाऊ, पण भुगा आत अडकला तर आटे कापत जातो. वीस मिनिटं लागली.

हातात घेतला तेव्हा आट्यांवर विटकरी गंज, एका बाजूला धातू चकाकत घासलेला, आणि टोकाच्या जाळीदार टोपीवर काळी काजळी. पेट्रोल जास्त जात असल्याची ही खूण. तिथे पांढरा थर असता तर बहुतेक सिलिकॉन सीलंटचा संशय घ्यावा लागला असता. शिशाचं पेट्रोलही प्लॅटिनमला असंच मारत असे. देशभर शिसेमुक्त पेट्रोल २००० साली आलं नसतं तर हा सेन्सर आपल्याकडे टिकलाच नसता.

दादांनी नटाच्या आट्यांतून १८ बाय दीडचा टॅप, म्हणजे आटे साफ करणारं हत्यार, हलकेच फिरवला. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीनेच खास ग्रीस लावलेलं असतं. निकेल किंवा तांब्याची पूड त्यात असते, आणि ती धातूला धातू चिकटू देत नाही. टोकाला ते लागता कामा नये, एवढीच काळजी. हाताने पूर्ण बसवून मग टॉर्क पाना, म्हणजे मोजून पीळ देणारा.

इंजिन चालू केलं. स्कॅनरवर सुरुवातीला रेघ सपाट. अर्ध्या मिनिटात हीटरने काम दाखवलं आणि रेघ नाचू लागली: ०.१, ०.८, ०.२, ०.७. खालच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसत होती. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवत चालला होता. आजच्या पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ नव्हे, सुमारे १३.५ पट हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला निव्वळ पेट्रोलपेक्षा इंधन वजनाने सुमारे नऊ टक्के जास्त लागतं. २०११ च्या गाडीला हे कुणी सांगितलेलं नाही. टाकीत काय आहे ते सेन्सरलाही कळत नाही. तो फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो, आणि तेवढ्यावर गाडी आपलं मिश्रण जुळवून घेते.

"बघा ताई, बोलायला लागला," दादा म्हणाले, आणि तेलकट हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळले.